ओरिएंटियरिंगला सहज म्हणून आलेल्यांचं स्वागत कसं करावं?

प्रश्न थोडक्यात असा: दक्षिण इंग्लंडमधल्या एका ओरिएंटियरिंग (नकाशा वाचत रानात लावलेले झेंडे क्रमाने शोधायचा खेळ) क्लबाचे तुम्ही सभासद आहात आणि क्लबाने नवख्यांचं टेबल आता तुमच्या हाती दिलंय. रविवारी अनोळखी माणसं येतात, कुटुंबं येतात, जाताना ‘छान वाटलं’ म्हणतात आणि पुन्हा दिसत नाहीत. या लोकांना टिकवण्यासाठी टेबलावर नेमकं काय करावं?

मी इथे बरीच वर्षं कोर्स (झेंड्यांचे ठरलेले मार्ग) आखते, स्पर्धांचं आयोजन बघते आणि पाळी आली की त्याच टेबलावर बसते. त्यामुळे सगळं सविस्तर सांगते. आधी मात्र एक सांगायचंय. ‘टिकवायचं कसं’ हा विचार घरी ठेवून टेबलावर बसा. वर्षातून दोनदा, ऊन पडलं तरच, मुलांना घेऊन येणारं कुटुंब हे आपलं यश समजा. त्या माणसांना खेळाडू व्हायचं नाही. त्यांना रानात दोन तास घालवायचेत आणि घरी जाताना आपण काहीतरी शोधून काढलं असं वाटायला हवंय. तेवढं मिळालं की त्यातले काही जण आपणहून परत येतात, उरलेले शेजाऱ्यांना सांगतात. पहिल्याच भेटीत हातात सभासदत्वाचा फॉर्म आला की लोक अवघडतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

स्वीडनमध्ये हा खेळ इतका रुजला, त्याचं एक कारण मला हेच वाटतं की तिथे सहज येणाऱ्यांसाठी वेगळी जागा ठेवलेली असते. ओ-रिंगेन ही त्यांची पाच दिवसांची मोठी स्पर्धा १९६५ पासून चालते. तिच्यात कसलेल्या धावपटूंच्या गटांबरोबरच खुले कोर्स असतात. त्या दिवशी या, झेपेल तो कोर्स घ्या, सवडीने निघा. अगदी चिमुरड्यांसाठी दोरी किंवा फिती लावून आखलेली वाट असते आणि तिच्यावर चित्रं शोधत जायचं असतं. आजी, आई आणि पाच वर्षांचं पोर एकाच मैदानावर आपापल्या परीने खेळत असतात आणि कोणालाच आपण पाहुणे आहोत असं वाटत नाही.

ब्रिटनमधली गोष्ट जरा वेगळी आहे. इथे हा खेळ वाढवणाऱ्यांत क्रिस ब्रॅशर आणि जॉन डिस्ली ही नावं मोठी. दोघेही ऑलिंपिकमधले स्टीपलचेसचे (अडथळ्यांच्या शर्यतीचे) धावपटू. ब्रॅशरने १९५६ साली मेलबर्नला सुवर्णपदक मिळवलं होतं. पुढे १९८१ मध्ये लंडन मॅरेथॉन सुरू केली तीही याच दोघांनी. आपल्या खेळात धावणाऱ्यांचा वारसा आहे तो असा, आणि तो जपण्यासारखाच आहे. पण त्यामुळे आपली पत्रकं, पाट्या, टेबलावरची बोली सगळी धावपटूच्या सोयीने बनलेली असते. पहिल्यांदा आलेल्या माणसाला त्यातलं निम्मं कळत नाही आणि विचारायची लाज वाटते.

आता मुद्द्यावर येते. नवखा माणूस नाउमेद होतो तो बहुतेक वेळा गाडी लावल्यापासून पहिला कंट्रोल (शोधायचा झेंडा) सापडेपर्यंतच्या टप्प्यात, त्यामुळे आपली मेहनत तिथे लागायला हवी.

स्पर्धेच्या माहितीत ‘पहिल्यांदा येत असाल तर’ असा एक परिच्छेद साध्या भाषेत असू द्या. त्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ वेळेबद्दलची. आपण लिहितो, ‘स्टार्ट साडेदहा ते साडेबारा’. सरावलेल्याला कळतं की या दोन तासांत कधीही निघता येतं. नव्या माणसाला मात्र पार्करन, म्हणजे पार्कातली सामूहिक धाव, माहीत असतं. २००४ साली लंडनच्या बुशी पार्कात सुरू झालेला तो उपक्रम आता गावोगाव पोचलाय, आणि तिथे सगळे एकदम धावायला सुटतात. म्हणून तो पहाटे उठून, मुलांना ओढत, सव्वादहाला येऊन उभा राहतो किंवा साडेदहा वाजून गेले म्हणून यायचंच टाळतो. स्पष्ट लिहा: सगळे एकत्र सुटत नाहीत, प्रत्येक जण वेगवेगळ्या वेळी निघतो, अकरा ते बाराच्या दरम्यान आलात तर टेबलावर गर्दी कमी असेल. पार्करनची एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. तिथे पहिल्यांदा आलेल्यांना सुरुवातीआधी बाजूला घेऊन काय-कसं ते सांगतात, आणि ते आपल्यासाठीच आहे हे प्रत्येकाला ओळखू येतं.

बाकी माहितीत फार काही लागत नाही. पूर्ण पाय झाकणारी पँट घाला, कारण काटेरी झुडपं, खाज आणणारी नेटल आणि गोचिडी. गोचिडीमुळे लाइम रोग होऊ शकतो, म्हणून घरी गेल्यावर अंगावर नीट पाहा. जीन्स नको, ती भिजली की जड होते. होकायंत्र नसलं तरी चालेल. रानात शौचालय नसेल तर तेही सरळ लिहा; लहान मुलं असलेल्या आयांसाठी ती माहिती कंटूरच्या (उंची दाखवणाऱ्या रेषांच्या) अंतरापेक्षा मोठी असते. पोस्टकोड अनेकदा भलत्याच फाटकाशी नेतो, तेव्हा गाडी लावायच्या जागेचं नेमकं ठिकाण द्या आणि शेवटच्या वळणावर पाटी लावा.

करोनानंतर कित्येक क्लब फक्त आगाऊ ऑनलाइन नोंदणी घेतात. त्यामागचं कारण मला मान्य आहे, नकाशे किती छापायचे ते कळतं, टेबलावर धांदल होत नाही. पण हवा बघून शनिवारी रात्री बेत ठरवणारं कुटुंब त्यातून गळतं. सोप्या कोर्सचे थोडे नकाशे जास्त छापून ठेवा आणि ‘यलो आणि ऑरेंजसाठी जागेवर नोंदणी चालेल’ असं लिहून टाका. उरलेले नकाशे शिकवायला कामी येतात.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते चुकीचा कोर्स हाती दिल्यामुळे. इथल्या कोर्सचे रंग तुम्हाला माहीत आहेतच: व्हाइट, यलो, ऑरेंज, मग लाइट ग्रीन, ग्रीन, ब्लू, ब्राउन. व्हाइट लहान मुलांसाठी, एक-दीड किलोमीटरचा, सगळा पायवाटांवरून, आणि जिथे जिथे वाट फुटते तिथे कंट्रोल. यलोवर कंट्रोल वाटेवर, ओढ्याकाठी, कुंपणाच्या कडेला. ऑरेंजवर पहिल्यांदा पायवाट सोडून थोडं आत शिरावं लागतं. ग्रीन, ब्लू आणि ब्राउन यांच्यात मात्र काठिण्याचा फरक नाही. तिन्ही सारखेच अवघड, फक्त लांबी वाढत जाते. हे नवख्याला कसं कळावं? बर्फावर स्की करून आलेल्याला हिरवा आणि निळा म्हणजे सोपा असंच वाटणार. स्वीडनमध्ये तर ओरिएंटियरिंगमध्येही हिरवा रंग सगळ्यात सोप्या पातळीचा आहे. म्हणून टेबलावर रंगांची यादी लावून ठेवण्याने भागत नाही, बोलावं लागतं.

दुसरी फसगत धावणाऱ्यांची होते. हाफ मॅरेथॉन पळणारा तरुण येतो, यादीत पाहतो, ब्लू साडेसहा किलोमीटर. त्याला ते किरकोळ वाटतं. पण आपली लांबी कंट्रोल ते कंट्रोल सरळ रेषेत मोजलेली असते; पायाखालचं अंतर त्याहून बरंच जास्त भरतं, शिवाय झाडी, चढ आणि थांबून विचार करण्याचा वेळ वेगळा. दोन तासांनी तो ओरखडे घेऊन परत येतो, अर्धे कंट्रोल न सापडलेला. अंगात ताकद असलेला माणूस अशा वेळी जास्त दुखावतो. त्याला विचारायचा प्रश्न ‘किती पळता?’ हा नाही. विचारा, ‘नकाशा हातात धरून, त्याच्याच भरवशावर कधी चालला आहात का?’ उत्तर हो असेल तर ऑरेंज. क्लबाने रेड ठेवला असेल तर तो, कारण काठिण्य ऑरेंजचंच आणि पळायला लांब. उत्तर नाही असेल तर यलो, वय काहीही असो. आणि लगेच सांगा, ‘हा अर्ध्या तासात झाला तर परत या, मी तुम्हाला दुसरा देते.’ हे वाक्य मनापासून म्हणा आणि पाळा. दुसऱ्या नकाशाचे पैसे घेऊ नका, असं मी आमच्या समितीला नेहमी सांगते. एकाच सकाळी दोन कोर्स केलेला माणूस पहिल्यावर जे शिकला ते दुसऱ्यावर वापरून पाहतो, आणि खेळ कळतो तो तिथे.

आपली माणसं आली तर थोडं वेगळं बोलावं लागतं. पुण्या-नाशिकहून इथे आलेल्यांत ट्रेक केलेले पुष्कळ असतात आणि ते सांगतात, ‘राजगड-तोरणा केलाय, जंगलाचं काय!’ त्यांचं पाऊल खरंच पक्कं असतं. पण तिथे ते दगडावरच्या बाणांनी, गावातल्या वाटाड्याच्या मागे किंवा मळलेल्या वाटेने गेलेले असतात. कागदावरचा नकाशा वाचायची वेळ ज्यांच्यावर आली ते बहुधा एनसीसीतले. या मंडळींना यलो किंवा ऑरेंजच द्या, मात्र कंटूर समजावताना गडाचाच दाखला घ्या. राजगडाची सुवेळा माची वरून पाहिली तर कशी दिसेल विचारा. बोटासारख्या बाहेर आलेल्या रेषा ते स्वतःच काढून दाखवतात. खिंड, घळ, सोंड हे सगळं त्यांनी पायांनी अनुभवलेलं असतं. फक्त लंडनजवळच्या एपिंग फॉरेस्टमध्ये ते फार छोट्या मापात असतं, आणि पाच मीटरच्या कंटूरवर उतरलेली घळ म्हणजे प्रत्यक्षात कंबरभर खोल खळगासुद्धा असू शकतो, हे आधी सांगून ठेवा.

आता टेबलावरचं बोलणं. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच ठेवा. सुरुवात नकाशाच्या रंगांपासून करा, कारण तिथे हमखास गोंधळ होतो. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेच्या नकाशावर रान हिरवं आणि मोकळी जमीन पांढरी असते. आपल्या नकाशावर पांढरं म्हणजे पळता येईल असं मोकळं रान, पिवळं म्हणजे उघडी जमीन, आणि हिरवं जितकं गडद तितकी झाडी दाट. एवढं कळलं नाही तर माणूस पांढऱ्या भागात मैदान शोधत बसतो. मग जांभळा त्रिकोण म्हणजे सुरुवात, गोल म्हणजे कंट्रोल, दुहेरी गोल म्हणजे शेवट. गोलाच्या बरोबर मध्ये जी खूण आहे तिथे नारिंगी-पांढरा झेंडा.

त्यानंतर आकड्यांचा घोळ सोडवा. नकाशावर एक, दोन, तीन असा क्रम असतो. झेंड्यावर मात्र वेगळा कोड असतो, आणि हे कोड ३१ पासून पुढचे असतात, क्रमाशी गल्लत होऊ नये म्हणूनच. रानात इतर कोर्सचेही झेंडे असतात. दिसला झेंडा की पंच (आल्याची नोंद), असं करू नका; आधी कोड जुळवा. नकाशासोबत कंट्रोलच्या जागेचं वर्णन शब्दांत छापलेलं द्या, ‘पायवाटेचं वळण’, ‘कुंपणाचा कोपरा’ असं. चित्रलिपीतल्या खुणा पुढे कधीतरी शिकतील.

डिबर (कंट्रोलवर नोंद करणारी बोटात घालायची इलेक्ट्रॉनिक चिप) भाड्याने दिला असेल तर आधी ‘क्लिअर’च्या डब्यात घालायला लावा, त्याने आधीची नोंद पुसली जाते, मग ‘चेक’. हे तिथेच त्यांच्या हातून करून घ्या. कंट्रोलवर बीप ऐकू येईपर्यंत थांबायचं. मुलांना हे फार आवडतं.

नकाशा जमिनीशी जुळवायचा, हे मात्र तोंडी सांगून कळत नाही. टेबलावरून उठा, दोन पावलं बाहेर या, समोरचा रस्ता दाखवा आणि कागद फिरवून रस्त्याशी समांतर करायला सांगा. मग स्वतः उलट दिशेला तोंड करा आणि पुन्हा फिरवायला लावा. वळताना नकाशा हातात फिरतो, जमिनीशी नातं तेच राहतं, हे त्यांच्या बोटांना समजलं की काम झालं. पावलं मोजणं, होकायंत्राने बेअरिंग (दिशा) घेणं यातलं काहीही पहिल्या दिवशी नको.

शेवटी सुरक्षिततेचं, आणि इथे आवाज थोडा गंभीर ठेवा. कंट्रोल सापडला नाही तर ज्या जागेची खात्री आहे तिथवर मागे जा. तरीही नाही सापडला तर सोडून पुढचा गाठा, काही बिघडत नाही. कोर्स बंद व्हायची वेळ मनगटावरच्या घड्याळाशी जुळवून सांगा. आणि कंटाळून, थकून, अर्ध्यातून सोडलं तरी गाडीकडे परस्पर जाऊ नका, डाऊनलोडला, म्हणजे नोंदी उतरवून घेणाऱ्या टेबलाशी, येऊन डिबर वाचून घ्याच. तसं न केल्यास तुम्ही रानातच आहात असं समजून स्वयंसेवक शोधायला निघतात. नवखे हे मुद्दाम टाळत नाहीत. आपण हरलो, आता कुणाला तोंड दाखवायचं, असं त्यांना वाटतं. म्हणून कारणासह सांगा. शिट्टी दिली असेल तर मदतीची खूणही सांगा: मिनिटाभरात सहा वेळा, मिनिटभर थांबून पुन्हा सहा.

कोणी फारच घाबरलेलं असेल तर त्यांच्याबरोबर त्रिकोणापर्यंत चाला. तिथे विचारा, ‘इथून कुठे निघाल?’ त्यांनी बोट दाखवलं, दिशा बरोबर असली, की थांबा. पुढे जाऊ नका. आपल्यातले चांगले, प्रेमळ स्वयंसेवक इथे घोटाळा करतात. सगळा कोर्सभर सोबत जातात, ‘हा बघा, इथे’ म्हणत झेंडे दाखवतात. पाहुणा आभार मानून निघून जातो आणि त्याच्या पदरात एक चालणं पडतं. जिथे असेल असं वाटलं त्याच वळणावर तो झेंडा दिसणं हाच या खेळातला सगळा आनंद आहे, आणि तो ज्याचा त्याने घ्यायचा असतो. सोबत जायचंच झालं तर मागून, गप्प.

प्लॅनरकडेही, म्हणजे कोर्स आखणाऱ्याकडे, तुम्ही हक्काने मागणी करा. सोप्या कोर्सचा पहिला कंट्रोल जवळ आणि वाटेवर हवा, मध्ये रस्ता ओलांडावा लागू नये. ब्लूचा एखादा कंट्रोल यलोच्या कंट्रोलच्या आसपास, तशाच जागी लटकत नको. व्हाइट आणि यलोचे नकाशे मोठ्या मापात छापा. १:१०००० वर एक सेंटिमीटर म्हणजे १०० मीटर, तेवढ्यात लहान मुलाचं बोट तीन वाटा झाकतं.

मुलांबद्दल एक गोष्ट. कुटुंबाला दोन नकाशे द्या, एक मोठ्यांना, एक मुलाला. एकच दिला तर तो बाबांच्या हातात जातो आणि मूल मागे रेंगाळत ‘अजून किती?’ विचारत राहतं. डिबर मुलाकडे. आईबाबांना सांगा, चुकीच्या वाटेने पन्नास पावलं गेलं तरी जाऊ द्या, आपणहून थांबेल. मुलांबरोबर पालकांपैकी कोणीतरी असलंच पाहिजे, आणि त्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

महाराष्ट्र मंडळातला किंवा एखाद्या ऑफिसातला मोठा घोळका आला तर दोघा-तिघांच्या जोड्या करा आणि पाच-पाच मिनिटांनी सोडा, नाहीतर पहिला शोधतो आणि बाकीचे त्याच्या मागे गप्पा मारत जातात. उन्हाळ्यात बऱ्याच घरी भारतातून आईबाबा आलेले असतात. रोज तासभर चालणाऱ्या त्या माणसांना यलो सहज जमतो. मात्र जून ते ऑगस्टात इथल्या रानात ब्रॅकन, म्हणजे रानटी नेचे, छातीपर्यंत वाढतात, त्यामुळे दक्षिणेत रानातल्या स्पर्धा कमी होतात. अशा वेळी त्यांना संध्याकाळच्या पार्कमधल्या किंवा शहरातल्या स्पर्धांचं सांगा. चांगल्या वाटा, बसायला बाक, आणि नकाशा १:४०००चा, वाचायला सुटसुटीत.

सगळे स्टार्टजवळ उभे राहतात, फिनिशला कोणी नसतं, हे आपल्या क्लबांचं नेहमीचं दुखणं. नवखा परत येतो, यंत्रातून कागदाची पट्टी निघते, आणि त्यावर एखादा कंट्रोल राहिल्यामुळे ‘बाद’ अशा अर्थाची खूण असते. दीड तास मनापासून फिरलेल्या माणसाला मिळालेली ती पहिली दाद. सॉफ्टवेअरमध्ये नवख्यांना स्पर्धेबाहेरचे म्हणून नोंदवता येतं, तसं नोंदवा. निकालात वेळ दिसेल, शिक्का दिसणार नाही. आणि डाऊनलोडजवळ एक बोलका माणूस असू द्या. त्याने ‘कसं वाटलं?’ विचारू नये, त्याचं उत्तर ‘छान’ एवढंच येतं. ‘सगळ्यात जास्त वेळ कुठे गेला?’ असं विचारावं आणि नकाशा उघडावा. पट्टीवर प्रत्येक टप्प्याची वेळ असतेच. माणूस बोट ठेवतो, ‘इथे, या ओढ्यापाशी...’ आणि मग थांबत नाही. नवराबायकोत तिथेच वाद रंगतो, वाट कोणी चुकवली यावर. ही दहा मिनिटं कुठल्याही पत्रकापेक्षा मोलाची.

जाताना नकाशा त्यांचा आहे हे सांगा, कित्येकांना तो परत द्यायचा असतो असं वाटतं. जवळ कायमस्वरूपी खांब लावलेला कोर्स असेल तर त्याची माहिती द्या, किंवा मॅपरन हे अ‍ॅप दाखवा. फोनच्या जीपीएसवर कंट्रोल नोंदले जातात, स्पर्धा नसतानाही खेळता येतं. सवडीने येणाऱ्यांसाठी ही सोय फार उपयोगी आहे. मग दोन दिवसांत एकच मेल: निकालाचा दुवा, जवळपासच्या पुढच्या दोन सोप्या स्पर्धांच्या तारखा, तुमचं नाव. सभासदत्वाचा विषय तिसऱ्या खेपेला, तोही त्यांनी काढला तर.

समितीच्या येत्या बैठकीत या सगळ्यातल्या दोनच गोष्टी मागा. टेबलावर एक आणि डाऊनलोडला एक अशी दोन माणसं, जी त्या दिवशी धावणार नाहीत किंवा अगदी शेवटी धावतील; आणि यलो-ऑरेंजसाठी जागेवर नोंदणी. बाकीचं तुम्ही एकट्याने पुढच्या रविवारपासून सुरू करू शकता.